कुंडल रोड ते किर्लोस्करवाडी: एका आडस्टेशनाचा प्रकरण अभ्यास

रेल्वेच्या वेळापत्रकात गावाच्या नावापुढे 'रोड' दिसले की जाणत्या प्रवाशाने समजून घ्यावे, गाव इथे नाही. नाशिक रोडला उतरलेला माणूस नाशकात नसतो आणि सावंतवाडी रोडला उतरलेल्याला अजून रिक्षा बघायची असते. रूळ आखणाऱ्याला चढ, नदी आणि खर्च दिसतो. गावाची वेस दिसत नाही. मग लोहमार्ग गावाला बाजूला टाकून निघून जातो, स्टेशनाला गावाचे नाव उसने दिले जाते आणि खुलासा म्हणून पुढे 'रोड' जोडला जातो. इथे उतरा, पुढे बैलगाडी.

कुंडल रोड हे असेच स्टेशन होते. पुण्याहून मिरजेकडे जाताना ताकारीच्या पुढे आणि भिलवडीच्या अलीकडे. कुंडल तिथून काही किलोमीटर आत, डोंगराच्या कुशीत. आज वेळापत्रकात हे नाव शोधले तर मिळत नाही. त्या जागी किर्लोस्करवाडी आहे. नुसती पाटी बदलली असती तर त्यात अभ्यासण्यासारखे फार नव्हते, पाट्या बदलतच असतात. पण इथे स्टेशन आधी होते, भोवती निवडुंगाचा माळ होता, आणि स्टेशन आहे म्हणून त्या माळावर गाव वसवले गेले. आपल्याकडे गावे नदीकाठाला, गढीखाली, नाहीतर पेठेभोवती वसतात. मालधक्क्याच्या आधाराने वसलेली फार थोडी. आणि मग साधा प्रश्न उरतो. याच मार्गावर याच वयाची, याच आकाराची कितीतरी स्टेशने होती. मग कारखाना, वसाहत, मासिके हे सगळे इथेच का?

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. श्रेय लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण या गोष्टीत त्यांच्याइतकेच महत्त्व दोन नकाशांना आहे. एक रेल्वेचा, दुसरा औंध संस्थानाचा. हे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले की मोजक्याच ठिकाणी एकमेकांना शिवतात. त्यातले एक ठिकाण म्हणजे कुंडल रोड.

रूळ कसे आले

१८७६ ते ७८ चा दुष्काळ दख्खनेत आणि कर्नाटकात माणसे मारून गेला. धान्य देशात होते, पण ते बैलांच्या पाठीवरून दुष्काळी भागात पोचेपर्यंत बैलच मरत होते. त्यानंतर दुष्काळ आयोगाने रेल्वे वाढवण्याचा आग्रह धरला. १८८२ साली सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी उभी राहिली, ती या पार्श्वभूमीवर. तिने पुण्यापासून साताऱ्याच्या मुलखातून मिरज, बेळगाव, लोंढा असा मार्ग टाकला. मार्ग मीटरगेजचा, म्हणजे दोन रुळांत एक मीटर अंतर असलेला होता, कारण मीटरगेज स्वस्त पडे: रूळ हलके, वळणे जास्त घेता येत, पूल लहान. १८९१ साली मिरजेपासून कोल्हापूरचा फाटाही सुरू झाला. पुढे १९०८ मध्ये ही कंपनी मद्रास रेल्वेशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे झाली. आपल्याकडच्या जुन्या माणसांच्या तोंडी असणारी 'एम.एस.एम.' ती हीच.

एकेरी मार्गावर ठरावीक अंतराने स्टेशन असावेच लागते, मग तिथे उतारू असोत वा नसोत. समोरासमोरून येणाऱ्या दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडायचे कुठे? त्यासाठी दुसरा रूळ, दोन्ही टोकांना सांधे, सिग्नल आणि पुढच्या स्टेशनाकडून 'लाइन क्लिअर', म्हणजे रूळ मोकळा असल्याची हमी, घेणारा मास्तर लागतो. म्हणजे कुंडल रोडसारखी अनेक स्टेशने गावासाठी उभारलेलीच नव्हती. ती गाड्यांच्या सोयीसाठी होती. कुंडल हे जैनांचे जुने क्षेत्र. झरी पार्श्वनाथ आणि गिरी पार्श्वनाथ तिथल्या डोंगरावर आहेत. त्या वाटेचे यात्रेकरू आणि आसपासचे शेतकरी, एवढ्या वर्दळीवर एखादे स्टेशन शतकभर काढू शकते. शेजारच्या काही स्टेशनांनी तसे काढलेही.

विखुरलेले संस्थान

आता दुसरा नकाशा. औंध हे पंतप्रतिनिधींचे बहात्तर गावांचे संस्थान, पण ही गावे एका जागी नव्हती. औंधचा भाग माणदेशाच्या कडेला, आटपाडीचा पूर्वेकडे दुष्काळी पट्ट्यात, गुणदाळचा तर थेट विजापूरकडे, आणि कुंडलचा कृष्णेच्या खोऱ्यात. मधे सगळीकडे ब्रिटिश मुलूख आणि इतर संस्थाने. गोधडीवर ठिगळे असावीत तसा नकाशा. खुद्द औंधला रेल्वे नव्हती. जवळचे स्टेशन रहिमतपूर, तिथून पुढे रस्ता. आटपाडीला रूळ नव्हता.

म्हणजे संस्थानात कुणाला कारखाना काढायचा झाला, आणि तोही लोखंडाचा, तर खरी जागा कुंडलच्याच ठिगळात सापडणार होती. राजधानी औंध असली तरी संस्थानाचा जगाकडे उघडणारा दरवाजा कुंडल रोडला होता. हे कुणाच्या लक्षात येईपर्यंत बरीच वर्षे गेली, एवढेच.

१९०९ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधी गादीवर आले. चित्रे काढणारे, कीर्तन करणारे, सूर्यनमस्काराचा ध्यास घेतलेले आणि पुढे १९३९ मध्ये आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना देणारे हे राजे. संस्थान लहान असल्याचा एक फायदा असा की कागद फार टेबलांवरून फिरत नाही. राजाच्या मनात आले की जमीन मिळते.

बेळगावातून उठलेला माणूस

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर मूळचे गुर्लहोसूरचे, जन्म १८६९ चा. मराठी संगीत नाटक उभे करणारे अण्णासाहेब किर्लोस्करही याच गावचे. एका लहानशा गावाने एका पिढीत नाटकवाला आणि पुढच्या पिढीत नांगरवाला द्यावा, ही गंमत मला नेहमी वाटते. लक्ष्मणराव मुंबईला चित्रकला शिकायला गेले, पण रंग नीट ओळखू येत नाहीत असे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. बढतीच्या वेळी डावलले गेले, तेव्हा नोकरी सोडून बेळगावला भाऊ रामचंद्र ऊर्फ रामूअण्णा यांच्याकडे आले. दोघांनी सायकली विकल्या, सायकल चालवायला शिकवली, मग कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर करायला घेतले.

नांगर विकणे सोपे नव्हते. लोखंडाने जमीन नासते, विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले थोडे नांगर खपायला दोन वर्षे लागली. धंदा कुठे रुजतो आहे तोवर बेळगावच्या नगरपालिकेला नवी वस्ती वसवायची झाली आणि कारखान्याची जागा त्यात आली. उठा म्हणाले.

कारखाना हलवणे म्हणजे बिऱ्हाड हलवणे नव्हे. भट्टी, लेथ, साचे, कच्चे लोखंड, तयार माल आणि मुख्य म्हणजे हात बसलेली माणसे. बाळासाहेबांशी लक्ष्मणरावांची ओळख होती. त्यांनी संस्थानात बोलावले, कुंडल रोड स्टेशनालगतची बत्तीस एकर माळजमीन दिली आणि भांडवलासाठी पैशाची मदतही केली. १० मार्च १९१० हा किर्लोस्करवाडीचा जन्मदिवस मानतात.

इथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. बेळगाव आणि कुंडल रोड दोन्ही तेव्हा एकाच मीटरगेजवर होती. बेळगावच्या धक्क्यावर वाघिणीत, म्हणजे मालगाडीच्या डब्यात, चढवलेले यंत्र वाटेत कुठेही न उतरवता थेट इथे उतरवता येत होते. त्याच काळात मुंबईकडून ब्रॉडगेजने, म्हणजे जास्त रुंदीच्या रुळांवरून, आलेला माल पुण्यात एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावा लागे, आणि ओतीव लोखंडाचा भाग हमालाच्या खांद्यावरून निसटला तर त्याचे काय होते हे सांगायला नको. उठवलेल्या कारखानदाराला हा मार्ग किती सोयीचा होता ते नकाशात दिसत नाही, रुळांच्या रुंदीत दिसते.

माळावरचा पहिला हिशोब

जमीन मोकळी होती, कारण तिच्यावर कुणाला काही करावेसे वाटले नव्हते. निवडुंग आणि नाग या दोनच गोष्टींसाठी ती प्रसिद्ध होती. पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे पहिल्यांदा आली. रामूअण्णांनी वसाहतीची बाजू उचलली: रस्ते, पाणी, घरे, झाडे. शंभोराव जांभेकरांसारखे लोक यंत्रशाळेत. राखणीला लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेले नामांकित दरोडेखोर ठेवले. चोरीचा बंदोबस्त चोराइतका कुणाला कळणार, हा त्यामागचा व्यवहार. माणूस सुधारतो ही श्रद्धाही होतीच.

या कारखान्याला स्टेशनाची गरज काय प्रकारची होती, ते नीट पाहायला हवे. उतारूंची गाडी दिवसातून एकदा आली काय आणि दोनदा आली काय, फार फरक पडत नव्हता. महत्त्वाचा होता मालधक्का. नांगर म्हणजे मुळात वजन. कच्चे लोखंड येणार बाहेरून, दगडी कोळसा येणार दूरच्या खाणीतून, आणि तयार नांगर जाणार खानदेश, वऱ्हाड, कर्नाटक, मद्रासकडे. भट्टीवर एका नांगरामागे नांगराच्या वजनाहून जास्त माल आत आणावा लागतो. त्या काळी या भागात पक्का हमरस्ता नव्हता, ट्रक नव्हता. पावसाळ्यात काळ्या रानात बैलगाडी आसापर्यंत रुते. अशा ठिकाणी भट्टीपासून धक्का चालत जाण्याच्या अंतरावर असणे हा निव्वळ सोयीचा मामला नव्हता. कारखाना दहा मैल आत असता तर बहुधा उभाच राहिला नसता.

एकेका वाघिणीचा हिशोब हाही इथे महत्त्वाचा. त्या काळची रेल्वे सुटी वाघीण घेत असे. छोट्या स्टेशनावर एक वाघीण बाजूच्या रुळावर सोडायची, कारखानदाराने ती भरायची, मास्तरने रेल्वे पावती फाडायची आणि पुढच्या मालगाडीला ती जोडायची. पावती टपालाने किंवा बँकेमार्फत गिऱ्हाइकाकडे, गिऱ्हाइकाने पैसे भरून ती सोडवायची आणि आपल्या स्टेशनावर माल उतरवून घ्यायचा. म्हणजे मास्तरच्या हातची ती पावती उधारी आणि विश्वास यांचाही प्रश्न सोडवत असे. दूरच्या जिल्ह्यातल्या अनोळखी दुकानदाराला नांगर पाठवायचे धाडस त्या कागदामुळे होई. कुंडल रोडचा मास्तर नकळत किर्लोस्करांचा विक्री विभाग चालवत होता, असे म्हटले तर अतिशयोक्ती थोडीच.

खप वाढला तो हरळीमुळे, असे मला वाटते. लाकडी नांगर हरळीच्या मुळांपर्यंत पोचत नाही. लोखंडी नांगर खोल जाऊन तिचे जाळे उलटे करतो. एका शेतकऱ्याचे हरळीने गिळलेले रान सुटलेले शेजाऱ्याने पाहिले की विषारी जमिनीची गोष्ट आपोआप मागे पडते.

पहिल्या महायुद्धात मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजू दिसली. बाहेरचे लोखंड बंद झाले, कोळशाची टंचाई पडली. जे सगळे रुळावरून येते ते रुळावरून यायचे थांबले की आडस्टेशनावरचा कारखाना बेटासारखा एकटा पडतो. भंगार गोळा करून, लोणारी (लाकडाचा) कोळसा वापरून काम रेटले गेले. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. तोफांचे नांगर झाले ही गोष्ट सांगायला फार सुंदर आहे. भट्टीवरच्या माणसांना तेव्हा ती केवळ कच्च्या मालाची गोष्ट असणार.

टपालाच्या पिशव्या

१९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' काढली. सुरुवातीला ती कारखान्याच्या मालाची माहिती, गिऱ्हाइकांशी बोलणे, अशा कामासाठी होती. पण शंकरराव चित्रकार आणि चळवळ्या डोक्याचे. त्या पत्रकाचे 'किर्लोस्कर' मासिक झाले, १९३० मध्ये 'स्त्री' आले आणि १९३४ मध्ये 'मनोहर'. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ लेख १९३० च्या दशकात 'किर्लोस्कर'मध्ये येत होते, आणि 'स्त्री'ने मध्यमवर्गी घरांत नवे वारे नेले.

हे सगळे छापले कुठे जात होते? पुण्या-मुंबईत नव्हे, माळावरच्या स्टेशनाशेजारी. त्या काळच्या मराठी वाचकाच्या डोक्यात किर्लोस्करवाडी हा एक पत्ता म्हणून पक्का होता. तिथे कधी न गेलेल्या हजारोंनी तो पाकिटावर लिहिला असेल. हे जमले तेही त्याच कारणाने. टपाल गाडीने जाई आणि गाडी दारात थांबे. अंकांचे गठ्ठे स्टेशनावर गेले की रेल्वे टपाल सेवेच्या डब्यात त्यांची वर्गवारी चालत्या गाडीत होत असे. मासिकाला शहर लागत नाही, छापखाना आणि टपालगाडी लागते. हे शंकररावांनी सिद्ध केले. लेखक मात्र शहरातच राहत, त्यामुळे संपादकाचा पत्रव्यवहार दांडगा होता आणि पुढे ही मासिके पुण्याला गेलीच.

याच वर्षांत कारखाना नांगरापुरता राहिला नव्हता. उसाचे चरक, भुईमूग फोडणी यंत्रे आणि १९२६ पासून पंप. त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव किर्लोस्कर अमेरिकेतून इंजिनिअर होऊन वाडीला परतले. पंप कृष्णेच्या खोऱ्यात बनला आणि कृष्णेच्या खोऱ्यातच विहिरीवर, नदीवर बसला. ज्या माळावर निवडुंग होते त्याच्या आसपास आज ऊस आहे. याचे बरेवाईट परिणाम हा वेगळ्या लेखाचा विषय.

शेजारच्या स्टेशनांशी तुलना

एकच उदाहरण घेऊन सिद्धांत मांडला तर तो कुणीही पाडेल. म्हणून याच मार्गावर थोडे मागेपुढे जाऊ.

कऱ्हाडचे स्टेशन शहरापासून दूर, ओगलेवाडीला आहे. ही ओगलेवाडी म्हणजे ओगले बंधूंच्या काचकारखान्याची वसाहत. १९१६ च्या सुमारास उभी राहिली, तीही औंधच्याच राजांच्या पाठबळाने. प्रभाकर कंदील इथला. वीज येण्याआधीच्या महाराष्ट्रात ज्याने रात्री अभ्यास केला त्याने बहुधा याच कंदिलाच्या काचेवर काजळी धरलेली पाहिली. काच आणि लोखंड, दोन्ही भट्टीचे धंदे, दोन्ही कोळशावर, दोन्ही रुळाला टेकून, आणि दोन्हींमागे एकच राजा. इथवर माझे दोन नकाशांचे उत्तर छान बसते.

पण मग सातारा रोड आहे. हेही 'रोड'वाले स्टेशन, सातारा शहरापासून लांब, कोरेगाव तालुक्यात. इथे धनजीशा कूपर यांनी १९२० च्या दशकात कारखाना काढला आणि कूपरचे लोखंडी नांगरही शेतकऱ्यांत गाजले. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पहिले प्रधानमंत्री झाले. इथे संस्थान नव्हते, ब्रिटिश मुलूख होता. म्हणजे राजा ही अट अनिवार्य नाही. उरते काय? आडस्टेशन, लगतची मोकळी जमीन आणि ती पटकन मिळवून देऊ शकणारा माणूस. कुंडल रोडला तो राजा होता, सातारा रोडला धनजीशा स्वतःच राजकारणात वजन असलेले. सिद्धांत थोडा सैल करावा लागतो, पण मोडत नाही.

भिलवडीची गोष्ट आणखी वेगळी. किर्लोस्करवाडीच्या पुढे थोड्याच अंतरावर. तिथे भास्कर गणेश चितळे यांनी १९३९ साली दुधाचा धंदा सुरू केला. कृष्णाकाठचे दूध आणि मुंबईकडे जाणारी गाडी. दूध लोखंडासारखे जड नाही, पण ते लोखंडासारखे थांबतही नाही. गाडी चुकली की नासते. लोखंडाला मालधक्का हवा होता, दुधाला वेळापत्रक. दोघांनाही ते आडस्टेशनावर मिळाले.

आणि नांद्रे, ताकारी, शेणोली? तीही स्टेशने होती, जमीनही होती. तिथे कुणी उठवलेला कारखानदार येऊन पोचला नाही. योगायोगाचा वाटा मान्य केलाच पाहिजे. बेळगावच्या नगरपालिकेने दुसऱ्या बाजूला वस्ती वसवायची ठरवली असती तर कुंडल रोड आजही कुंडल रोड असते.

तोच रूळ, दुसरी माणसे

ज्या रुळावरून नांगर जात त्यावरूनच सरकारचे पगारही जात. ऑगस्ट १९४२ नंतर कुंडल आणि भोवतालचा मुलूख क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचा गड बनला. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तुफान सेनेने पगाराची रक्कम घेऊन जाणारी गाडी अडवून लुटली. नेतृत्व जी. डी. बापू लाड आणि 'कॅप्टन भाऊ' रामचंद्र लाड यांचे, दोघेही कुंडलचे. स्टेशनाला ज्या गावाने नाव दिले आणि रुळाने ज्या गावाला बाजूला टाकले, त्याच गावच्या पोरांनी तीन स्टेशने पलीकडे जाऊन गाडी थांबवली. संस्थानी मुलखात ब्रिटिश पोलिसांना सरळ शिरता येत नसे, हा औंधच्या ठिगळांचा आणखी एक उपयोग. जो विखुरलेला नकाशा कारखानदाराच्या कामी आला तोच भूमिगतांच्याही.

१९४८ च्या सुरुवातीला गांधीहत्येनंतर जी जाळपोळ झाली तीत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यालाही आग लावली गेली. माळावर अडतीस वर्षे वाढवलेली गोष्ट अशी जळताना पाहणे काय असते ते ज्यांनी पाहिले त्यांनाच ठाऊक. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. पुढच्याच महिन्यात, ८ मार्च १९४८ रोजी, औंध संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या राजाच्या शब्दावर जमीन मिळाली ते राज्यच उरले नाही. कारखाना पुन्हा उभा राहिला. लक्ष्मणराव १९५६ मध्ये गेले.

धक्का रिकामा कसा झाला

कंपनीची वाढ मात्र एव्हाना दुसरीकडे सुरू झाली होती. १९४१ साली हरिहरला म्हैसूर किर्लोस्कर, १९४६ मध्ये बंगळूरला विजेच्या मोटारी आणि पुण्याला तेल इंजिने. हरिहरकडे बघा: तेही एम.एस.एम.च्याच मीटरगेजवरचे गाव. एकदा रुळाच्या आधाराने यशस्वी झालेला माणूस दुसरी जागा शोधतानाही रूळच बघतो. तरी वाडीला जे एकदाच मिळाले होते ते परत मिळाले नाही. नवे कारखाने मोठ्या गावांकडे गेले, कारण वीज, बँका, प्रशिक्षित माणसे आणि पुरवठादार तिकडे होते.

१९७० च्या सुमारास पुणे-मिरज-कोल्हापूर मार्ग ब्रॉडगेज झाला. मुंबईहून थेट गाडी आली, पुण्यात गाडी बदलण्याची कटकट संपली. उतारूंना हे वरदानच. पण मालाच्या बाबतीत काळ उलटा फिरत होता. ट्रक आले, रस्ते झाले, आणि १९८० च्या दशकापासून रेल्वेने सुट्या वाघिणींचा व्यवहार आवरता घेऊन पूर्ण गाडीभर माल घेण्याकडे मोहरा वळवला. कोळसा, सिमेंट, खत, साखर यांच्या अखंड गाड्या. एका आडस्टेशनावर एक वाघीण सोडायची, दुसऱ्या दिवशी ती जोडायची, ही पद्धत रेल्वेच्या हिशोबात तोट्याची होती आणि ते खरेही असेल. पण कुंडल रोडवर १९१० साली जो कारखाना उभा राहिला तो त्याच तोट्याच्या पद्धतीवर. आज तशा जागी कुणी लक्ष्मणराव यंत्रे घेऊन उतरले तर त्यांना एक वाघीण द्यायला रेल्वेकडे सोय नाही. ते राष्ट्रीय महामार्ग शोधतील, आणि महामार्ग इथून पश्चिमेला, पेठ-कासेगावच्या बाजूने जातो.

कारखाना आहे, मोठमोठे पंप आजही वाडीत बनतात. ते जातात ट्रेलरवरून.

स्टेशन मात्र उतारूंच्या अंगाने मोठे झाले. महालक्ष्मी, कोयना, महाराष्ट्र एक्स्प्रेस इथे थांबतात. मार्गाचे विद्युतीकरण झाले, दुहेरी रूळ आले. दुहेरी रुळावर समोरची गाडी ओलांडायला थांबावे लागत नाही. म्हणजे ज्या कारणासाठी अशी स्टेशने मुळात बांधली गेली ते कारणही आता उरले नाही. तरीही सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर-पुणे वंदे भारत सुरू झाली तेव्हा सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज या शहरांच्या रांगेत किर्लोस्करवाडीचा थांबा होता. ताकारीला नाही, भिलवडीला नाही. पलूस-कुंडल-विट्याच्या पट्ट्यातले लोक ती धरायला इथे येतात. कुंडलकर अजूनही रस्त्यानेच येतात, फक्त बैलगाडीऐवजी मोटारसायकलवर.